आपल्या कुटुंबांच्या नोंदी आणि एक जुना संगणक

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी संगणकावर काहीतरी लिहा, असा आग्रह धरला तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी संगणकतज्ज्ञ नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत लागलेला आणि वीस वर्षे काउंटरपलीकडे बसलेला एक कारकून आहे. परंतु संस्थेच्या जुन्या वह्या संगणकात उतरविण्याचे जे काम गेली अडीच वर्षे दर रविवारी विहाराच्या मागच्या खोलीत चालले आहे, त्याविषयी सभासदांत बरेच गैरसमज आहेत. कोणी म्हणतात, संस्थेने हजारो रुपये खर्चून यंत्र विकत घेतले. कोणी म्हणतात, आपली सर्व माहिती इंटरनेटवर गेली. यातले काहीही खरे नाही. शिवाय या कामात एक वादाचा मुद्दा निघाला आहे व तो सर्वांसमोर मांडणे मला आवश्यक वाटते. म्हणून हा लेख.

कामाची सुरुवात माझ्याच घरातील अडचणीतून झाली. माझ्या पुतण्याला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आणि जात वैधता प्रमाणपत्राची मागणी झाली. बहुतेक सभासदांना हा अनुभव आहे. विद्यार्थ्यांना तो यावयाचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पडताळणी समित्यांची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली घालून दिली आणि महाराष्ट्रात त्याविषयीचा कायदा २००१ पासून अमलात आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध अर्जदारांकडून १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, कारण अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश त्या तारखेचा आहे. म्हणजे आज अठरा वर्षांच्या मुलाला आपल्या पणजोबाची शाळेच्या जनरल रजिस्टरातील नोंद, जन्ममृत्यूच्या नोंदवहीतील, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो त्यातील उतारा, किंवा जमिनीचा जुना फेरफार शोधावा लागतो.

आमचे आजोबा शाळेत गेले नव्हते. जमीन नव्हती. राहिले कोतवाल बुक. तहसील कचेरीत अर्ज केला तर तेथील कर्मचाऱ्याने विचारले, "नाव काय?" भावाने सांगितले, "रामचंद्र धोंडीराम." आडनाव गावावरून घेतलेले. त्या नावाची नोंद मिळत नाही, असे उत्तर आले. मिळणार तरी कशी? घरात आम्ही आजोबांना रामचंद्र म्हणत होतो, रेशनकार्डावर ते रामजी होते, गिरणीच्या पासावर रामा धोंडू होते, आणि गावच्या दप्तरात काय होते हे आम्हांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

धागा मिळाला तो अगदी अनपेक्षित जागी. आपल्या संस्थेच्या आधी चाळीत जे ग्रामस्थ मंडळ होते, त्याचा मयत फंड असे. गावाकडे किंवा मुंबईत कोणी वारले की प्रत्येक खोलीमागे ठरलेली रक्कम गोळा करून त्या घरी द्यावयाची. या फंडाची १९४८ ची वही कपाटावरील पत्र्याच्या पेटीत निघाली. त्यात तेव्हाच्या कार्यवाहांनी शाईने लिहिले होते, 'रामा धोंडू, गांवीं राम्या बिन धोंड्या, धोंड्या लखू मयत', आणि पुढे दोन्ही भावांची नावे. बस्स. ही ओळ म्हणजे समितीपुढचा मुख्य पुरावा नव्हे. पण तहसिलात कोणते नाव शोधावयाचे ते त्या ओळीने सांगितले. 'धोंड्या लखू यास मुलगा' ही नोंद नंतर पंधरा मिनिटांत सापडली.

पुतण्याचे काम झाले. परंतु त्या पेटीतल्या इतर वह्या पाहिल्या तेव्हा पोटात गोळा आला. वर्गणीच्या वह्या, मयत फंडाच्या वह्या, १९५६ नंतरच्या विवाह नोंदी, गावावरून आलेली पत्रे. कित्येक पाने कसरीने खाल्लेली, शाई पाझरलेली. आता चाळींचा पुनर्विकास चालू आहे. सामान हलविताना अशा पेट्या प्रथम रद्दीत जातात. आपल्या इमारतीतून किती गेल्या असतील, याचा विचार करवत नाही.

इतर समाजांकडे वंशावळीची काही जुनी साधने असतात. तीर्थक्षेत्रींचे उपाध्ये यजमानांच्या घराण्यांच्या वह्या पिढ्यान् पिढ्या ठेवीत आले. ज्या नाशकात काळाराम मंदिराच्या दारात जाण्यासाठी १९३० साली सत्याग्रह करावा लागला, तेथल्या उपाध्यांच्या वहीत आपले पान शोधून काय मिळणार? आपली वंशावळ ज्यांनी लिहिली ते लोक म्हणजे गिरणीतून पाळी संपवून आलेले, दिव्याखाली बसून वर्गणीचा हिशेब लिहिणारे आपलेच आजोबा-पणजोबा होत. वंशावळ लिहीत आहोत हे त्यांना माहीतही नव्हते.

आता संगणकाकडे वळतो. मात्र त्याआधी आपल्याच एका जुन्या चुकीची आठवण करून देतो. १९९८ साली संस्थेने सभासद परिचय पुस्तिका काढली होती. ती टंकलिखित करताना सर्व माहिती संगणकात भरली गेली होती आणि 'आता सर्व कायमचे जतन झाले' असे भाषणात सांगितल्याचे मला आठवते. आज त्यातले काय उरले आहे? फ्लॉपी वाचणारे यंत्र नाही. एका सभासदाकडे एक प्रत उतरवून ठेवलेली होती. ती उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला. कारण तेव्हाचे मराठी फाँट प्रत्येक कंपनीचे निराळे असत. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसविलेले असे, व तो विशिष्ट फाँट नसला की मजकूर मेला. सभासद वर्गणीसाठी पुढे एक विकतचा प्रोग्रॅम घेतला. त्याला यंत्रामागे खोचावयाची कुलुपासारखी किल्ली होती. किल्ली बिघडली, विकणारा दुकान बंद करून गेला, आणि आपलीच माहिती आपल्याला उघडता येईना. छापील पुस्तिका मात्र आजही वाचता येते.

यावरून आम्ही दोन गोष्टी ठरविल्या. मराठी मजकूर युनिकोडमध्येच भरावयाचा. युनिकोड ही जगभर मान्य झालेली अक्षरांची सांकेतिक पद्धत आहे. १९९१ पासून तिच्यात देवनागरी आहे आणि आपल्या मोबाइलवरचे मराठी त्याच पद्धतीचे असते. दुसरे म्हणजे प्रोग्रॅम मुक्त स्रोत असावा. मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. त्याचा मूळ आराखडा सर्वांसाठी खुला असतो, कोणीही तो वापरू शकतो, तपासू शकतो, दुरुस्त करू शकतो, दुसऱ्याला देऊ शकतो. उद्या तो तयार करणारे लोक थांबले तरी दुसरे कोणी तो पुढे नेऊ शकते व आपल्या माहितीला कुलूप लागत नाही.

यंत्र म्हणाल तर एका सभासदाच्या मुलाने टाकून दिलेला, २ जीबी मेमरीचा, बारा-तेरा वर्षांपूर्वीचा संगणक आहे. त्यावर विंडोज चालविणे म्हणजे म्हाताऱ्या बैलाच्या मानेवर दोन गाड्यांचे जू ठेवणे होते. (विंडोज १० चाही नेहमीचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे नेमका धम्मचक्र प्रवर्तनाच्या तारखेला थांबविला, हा निव्वळ योगायोग.) आम्ही त्यावर डेबियन ही लिनक्सची आवृत्ती, हलक्या पडद्यासह बसविली. महाविद्यालयात जाणाऱ्या दोन मुलींनी हे काम एका दुपारी केले. मी चहा आणण्याचे काम केले. इंटरनेटची तार त्या यंत्राला जोडलेली नाही व जोडणारही नाही. एकच खर्च आला, तो वीज गेल्यावर काही मिनिटे यंत्र चालू ठेवणाऱ्या यूपीएसचा.

वह्यांची छायाचित्रे काढणे हे पहिले काम. बांधीव वही स्कॅनरवर उताणी दाबली की शिवण उसवते, म्हणून आम्ही मोबाइल एका लाकडी घोडीवर आडवा बसवून वरून फोटो काढतो. कागद खिडकीच्या उजेडात ठेवावा, फ्लॅश मारू नये. सुटे कागद मात्र स्कॅनरवर ३०० डीपीआयने घेतो. ए-४ आकाराचे पान असे घेतले की सुमारे ८७ लाख ठिपक्यांचे चित्र होते. दाबून न ठेवता साठविले तर २६ एमबी, दाबून साठविले तर दोन-तीन एमबी. आपली आतापर्यंतची सुमारे चार हजार पाने दाबलेल्या स्वरूपात एका १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावतात. ज्यांना वाटते की यासाठी मोठी यंत्रसामग्री लागते, त्यांनी हा हिशेब पाहावा.

फोटोतील अक्षरे यंत्राने आपोआप वाचावीत असेही प्रोग्रॅम आहेत. टेसरॅक्ट नावाचा एक प्रोग्रॅम हेवलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात तयार झाला व २००५ साली खुला करण्यात आला. तो छापील मराठी बऱ्यापैकी वाचतो. जुन्या स्मरणिका आम्ही त्याच्याकडून वाचून घेतल्या. हस्ताक्षराच्या वह्यांपुढे तो हात टेकतो आणि मोडीचा तर प्रश्नच नाही. तेथे माणूसच लागतो. आपल्याकडे मोडी वाचणारे एक वृद्ध सभासद आहेत, त्यांच्याजवळ दोन विद्यार्थ्यांनी बसून शिकावे अशी माझी फार इच्छा आहे. २०२३ साली राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची किती निकड भासली, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले आहे.

आता मुख्य प्रोग्रॅम. त्याचे नाव ग्रॅम्प्स. २००१ पासून जगभरचे स्वयंसेवक तो वाढवीत आले आहेत. पडद्यावरील सूचना आम्ही इंग्रजीतच ठेवल्या आहेत, पण आत भरावयाची माहिती मराठीत भरता येते. प्रथम आम्ही सर्व माहिती साध्या तक्त्यात, लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये भरावयास घेतली होती. एक ओळ, एक माणूस. नाव, वडील, गाव, जन्म. आठवड्याभरात घोटाळा झाला. माझेच आजोबा चार ओळींत चार माणसे होऊन बसले.

ग्रॅम्प्समध्ये माणूस वेगळा आणि त्याचे नाव वेगळे. एका माणसाला हवी तितकी नावे जोडता येतात. प्रत्येक नाव कोणत्या काळातले आणि कोणत्या वहीच्या कोणत्या पानावर मिळाले तेही जोडता येते. वही हा 'स्रोत', पान हा त्यातील दाखला, पानाचा फोटो त्याला चिकटविलेला. दाखला किती विश्वासार्ह आहे याचीही पाच पायऱ्यांत नोंद करता येते. मयत झाल्यावर आठवडाभरात केलेली नोंद एक पायरी वर, पन्नास वर्षांनी आत्याने आठवून सांगितलेले एक पायरी खाली. (आत्या रागावतात.) बँकेत व्हाउचरशिवाय एंट्री नाही, तसे येथे स्रोताशिवाय नाव नाही. आणि एकाने भरावयाचे, दुसऱ्याने तपासावयाचे, ही बँकेचीच शिस्त येथेही लावली आहे.

तारखांच्या बाबतीत 'सुमारे', 'पूर्वी', 'या दोहोंच्या दरम्यान' असे लिहिण्याची सोय आहे. आपल्या कामी ती फार येते, कारण आपल्या वडीलधाऱ्यांचे जन्म 'मोठ्या पुराच्या साली' नाहीतर 'साथीच्या वर्षी' झालेले असतात. त्यात अनेक कालगणना आहेत, परंतु शक नाही व तिथीही नाही. तेव्हा वहीत 'शके' किंवा 'माघ शुद्ध' असेल तर ते शब्द टिपणात जसेच्या तसे ठेवून मग इंग्रजी तारीख अंदाजे भरतो. स्थळांचीही अशीच गंमत. कणकवलीकडचे एखादे गाव १ मे १९८१ पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात, नंतर सिंधुदुर्गात. स्थळ कोणत्या काळी कशात मोडत होते हे तारखांसह नोंदविता येते, त्यामुळे एकच गाव दोन गावे होत नाही.

बायकांच्या नोंदींविषयी मला जरा जास्त लिहावयाचे आहे. वैधतेच्या अर्जासाठी जी वंशावळ लागते ती वडिलांकडून चढत जाते. तिच्यात आई नाही, आजी नाही. जुन्या जन्मनोंदीत मुलगा झाला तरी नाव नसे, पण पुढे कोठेतरी ते येई. मुलगी झाली तर बहुधा 'मुलगी' एवढ्यावरच संपले. लग्नानंतर नाव बदलले, आडनाव बदलले, गाव बदलले. पुढे त्याच बाईला नोकरीसाठी वा निवडणुकीसाठी जातीचा दाखला हवा झाला की माहेरच्या वडिलांची कागदपत्रे शोधण्यासाठी वणवण. विवाह नोंद वहीत बौद्धाचार्यांनी वधूचे माहेरचे पूर्ण नाव, गाव व वडिलांचे नाव लिहिलेले असते. माझ्या मते आपल्या सर्व वह्यांत सर्वांत मोलाची वही तीच आहे, आणि आम्ही तीच प्रथम पूर्ण केली.

येथवर सर्व सुरळीत होते. नंतर तो वाद झाला.

संस्थेचे एक माजी कार्यवाह, ज्यांना आम्ही सर्व गुरुजी म्हणतो, एका रविवारी खोलीत आले. वय ऐंशीच्या पुढे. पडद्यावर त्यांच्याच वाडीचे पान उघडे होते. त्यांनी चष्मा पुसून पाहिले. 'कचऱ्या', 'भिक्या', 'धोंड्या', 'गणप्या'. ते म्हणाले, "पोरांनो, बाबासाहेबांनी ज्या नावांतून आपल्याला बाहेर काढले, ती तुम्ही पुन्हा यंत्रात भरायला घेतलीत? खोडा ती." मी म्हणालो, "गुरुजी, वहीत तशीच आहेत." त्यावर ते म्हणाले, "वहीत लिहिणारा कोण होता ते तुला ठाऊक आहे ना?"

मला उत्तर सुचले नाही. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. काही नावे घरच्यांनीच ठेवलेली असत. आधीची मुले दगावली की नजर लागू नये म्हणून कचरा, धोंडा, भीक असे नाव ठेवण्याची चाल अनेक जातींत होती. परंतु त्याच पानावर वरच्या आळीत 'गणपतराव' आणि खालच्या वाड्यात 'गणप्या' असे आढळते तेव्हा तो लिहिणाऱ्याच्या लेखणीचा दोष असतो. आपल्या लोकांनी ही नावे टाकली ती उगीच नाही. महाराष्ट्रात १९५१ च्या जनगणनेत बौद्धांची संख्या २,४८७ होती व १९६१ च्या जनगणनेत ती २७,८९,५०१ झाली. एवढ्या लोकांनी स्वतःची ओळख स्वतः लिहून दिली. त्यांच्या मुलानातवंडांनी ती पुन्हा जुन्या अक्षरांत का उतरवावी?

पुढचे दोन रविवार काम बंद होते. त्या काळात मला साताऱ्याच्या शाळेची आठवण झाली. विद्यार्थ्यांना माहीत असेल की ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. १९०० साली त्या दिवशी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात दाखल झाले. रजिस्टरातील क्रमांक १९१४, आणि नाव 'भिवा रामजी आंबेडकर'. भीमराव नव्हे, भिवा. त्यांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ, मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावावरून आंबडवेकर, आणि पुढे आंबेडकर. आमच्या पहिल्या तक्त्यात हे घराणे भरले असते तर तीन कुटुंबे झाली असती. आणि कोणा भक्ताने आदरापोटी त्या रजिस्टरात 'भिवा' खोडून 'भीमराव' केले असते तर? ते पान पाहावयास आज लोक जातात, ते कोणी खोडले नाही म्हणून.

हे मी गुरुजींना जाऊन सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. पटले असे ते म्हणाले नाहीत. "तो कागद वेगळा," एवढेच म्हणाले. तरी बऱ्याच बोलण्यानंतर जी तडजोड निघाली ती कार्यकारिणीने मान्य केली आहे व सध्या तीच चालू आहे. प्रत्येक व्यक्तीचे मुख्य नाव म्हणून तिने स्वतः, किंवा तिच्या घरच्यांनी, स्वीकारलेले नाव ठेवावयाचे; पडद्यावर व छापील वंशवृक्षात तेवढेच दिसते. दप्तरातील जुने नाव अक्षर न बदलता पर्यायी नाव म्हणून, वही-पानासह, मागे ठेवावयाचे. ते शोधात सापडते, पण मागितल्याशिवाय समोर येत नाही. जात असा रकाना आम्ही ठेवलेलाच नाही. ज्याला पुरावा हवा त्याने मूळ पानाचा फोटो पाहावा, त्यात जे आहे ते आहेच. गुरुजींच्या स्वतःच्या घराण्याचे पर्यायी नावांचे भाग त्यांच्या सांगण्यावरून अद्याप भरलेले नाहीत. तो त्यांचा हक्क आहे. उद्या त्यांच्या नातवाला अडचण आली तर काय, हा प्रश्न मात्र माझ्या मनातून जात नाही.

'अक्षर न बदलता' हे म्हणणे सोपे, करणे अवघड. जुन्या वह्यांत 'नांव', 'गांवीं' असे अनुस्वार. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. मूळ उतारा अनुस्वारासह ठेवतो, शोधासाठीचे नाव आजच्या पद्धतीने. आणखी एक खोच अशी की 'कचऱ्या' मधला 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. दोघांनी दोन रीतींनी भरले म्हणून एक मनुष्य महिनाभर सापडत नव्हता. आता खोलीत सर्वांनी एकाच कळफलकावर टंकावे असा नियम केला आहे.

वंशवृक्ष जोडल्याचा प्रत्यक्ष उपयोग विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा. वडिलांकडील रक्तनात्यातील व्यक्तीला वैधता प्रमाणपत्र मिळालेले असेल व त्यात फसवणूक नसेल तर त्याच पुराव्यांवर दुसऱ्या नातेवाइकाला नाकारू नये, अशा अर्थाचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली दिला. नाते सिद्ध झाले आहे काय आणि तो दाखला योग्य चौकशीअंती दिलेला आहे काय हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. म्हणजे तुमच्या चुलत-चुलत भावाकडे वैधता असेल तर ती तुमच्या कामाची. पण तो तुमचा भाऊ आहे हे तुम्हांला माहीत तरी हवे. गेल्या वर्षी एकाच पणजोबाची दोन कुटुंबे, एक नायगावात आणि एक कल्याणात, एकमेकांना ओळखत नसताना या वंशवृक्षातून सापडली.

तथापि कोणी असे समजू नये की आमचा संगणकातील फोटो समितीपुढे ठेवला की झाले. मूळ दप्तर ज्या कचेरीत आहे तेथून प्रमाणित नक्कल घ्यावी लागते. संगणकीय नोंद न्यायालयात द्यावयाची तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, पूर्वी ते ६५-ब होते. आमचे काम वाट दाखविण्याचे आहे.

माहिती बाहेर जाण्याची भीती रास्त आहे. जिवंत व्यक्तींच्या सर्व नोंदींना ग्रॅम्प्समध्ये कुलपाची खूण लावलेली असते आणि छापताना किंवा कोणाला प्रत देताना त्या नोंदी वगळता येतात. स्थळे पाहणाऱ्या मंडळींनी 'जरा तुमच्या यंत्रात बघून सांगा' असे विचारले, त्यांना आम्ही नाही म्हटले. दत्तक, दुसरे लग्न, आजारपण या गोष्टी घरच्यांनी लेखी सांगितल्याशिवाय भरत नाही. आधारकार्डाची प्रत कोणी देऊ लागले तरी घेत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला आहे. पण कायदा नसता तरी हे पाळावयास हवेच होते.

जतनाविषयी थोडक्यात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात कित्येकांची कागदपत्रे गेली. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले. म्हणून आपल्या माहितीच्या तीन प्रती आहेत. एक यंत्रात, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक गावी, वरच्या मजल्यावर. दर महिन्याला ग्रॅम्प्समधून सर्व माहिती एक्सएमएल स्वरूपात काढून ठेवतो. ते साध्या मजकुराचे स्वरूप असल्याने ग्रॅम्प्स नसले तरी उद्या कोणी वाचू शकेल. प्रत्येक फाइलची एक ६४ अक्षरी बेरीजही काढून ठेवतो. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ही बेरीज बदलते. लेजरची बेरीज जुळली नाही की आम्ही बँकेत जसे रात्री आठ-आठ वाजेपर्यंत बसत असू, तसेच. शिवाय विवाह नोंदींची छापील प्रत कागदावर काढून बांधून घेतली आहे. १९९८ ची पुस्तिका आठवून.

खोली दर रविवारी सकाळी दहा ते एक उघडी असते. सभासदांनी जुने शाळा सोडल्याचे दाखले, गिरणीचे पास, मनीऑर्डरच्या पावत्या, लग्नपत्रिका, कालकथित व्यक्तींच्या पुण्यानुमोदनाच्या पत्रिका, जे असेल ते आणावे. कागद फोटो काढून तेथल्या तेथे परत मिळतो. कृपया कोणीही जुना कागद लॅमिनेट करून आणू नये; लॅमिनेट केलेला कागद पुन्हा सोडविता येत नाही आणि आत तो खराब होत राहतो.

आणि एक वैयक्तिक विनंती. आमच्या वंशवृक्षात लखूच्या सुनेचे, म्हणजे माझ्या पणजीचे नाव 'सखू' एवढेच आहे. माहेर रिकामे आहे. १९४८ च्या वहीत तिच्या भावाने दोन आणे वर्गणी दिल्याची नोंद दिसते, पण त्याच्या गावाच्या नावावर शाई सांडली आहे. शेवटची अक्षरे 'वली' अशी वाचता येतात. कोणा ज्येष्ठ सभासदास काही आठवत असेल तर कृपया कळवावे.